जुन्या गोव्यातील अर्धा दिवस

बारामती आणि इंदापूर ही गावे इतिहासाला अनोळखी नाहीत. इंदापूरचे नाव मालोजीराजे भोसल्यांशी जोडलेले आहे, तर बारामतीत कवी मोरोपंतांनी मराठी काव्याची अखंड सेवा करून १७९४ साली देह ठेवला. या दोन गावांतील काही कुटुंबांना घेऊन मी जुन्या गोव्यास गेलो, तो संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी. दर दहा वर्षांनी होणारा हा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडला. प्रवास रात्रभराचा आणि हाती वेळ मात्र अर्ध्या दिवसाचा!

अवशेष बों जेझू बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये मिरवणुकीने नेण्यात आले होते. तेथवर पोहोचणाऱ्या रांगेत जपमाळ ओढणारे भाविक होते, तसेच केवळ छायाचित्रे टिपण्यास आलेले पर्यटकही होते. तासन्‌तास तिष्ठल्यावर दर्शन झाले ते काही क्षणांचेच. तरीही आमच्यातील वृद्ध माउलींच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला त्या रांगेचे सार्थक वाटले.

बाहेर आल्यावर इंदापूरच्या एका मुलाने विचारले, "फादर, एवढी मोठी चर्चेस आहेत, मग गाव कुठे आहे?"

प्रश्न मार्मिक होता. १५१० साली आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर जिंकले आणि पुढे ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. परंतु साथीच्या रोगांनी त्याला पोखरले. लोक घरे सोडून गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. त्याआधीच, १८३५ साली, धर्मसंघांचे मठ बंद झाले होते. संत ऑगस्टीनच्या मठाचे छत १८४२ साली कोसळले. त्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा आज अर्धाच उभा आहे. मी त्या मुलाला म्हणालो, "उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते ना? तसेच हे. गाव गेले, देवाची घरे राहिली."

पण माझ्या मनात दुसराच प्रश्न घोळत होता. या शहरात आपल्या मराठीचे स्थान कोणते? वाटाड्याने आम्हांला संतांची चांदीची पेटी दाखविली, तस्कनीच्या ड्यूकने पाठविलेल्या समाधीच्या संगमरवराचे वर्णन केले. भाषेविषयी मात्र तो अवाक्षर बोलला नाही. वस्तुतः भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच शहरात, सेंट पॉल महाविद्यालयात आला. त्या महाविद्यालयाची आता केवळ एक कमान रस्त्याकडेला उभी आहे. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने मराठी आत्मसात करून सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. फादर एत्येन द ला क्रुआ यांचे संत पेत्रावरील मराठी पुराण १६२९ साली या जुन्या गोव्यातच छापले गेले. मोरोपंतांचा जन्म त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी झाला!

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच गोव्यात देवळे पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन स्थापन झाले आणि मधल्या एका छोट्या खंडाखेरीज ते १८१२ पर्यंत चालले. त्याची मागणी संत फ्रान्सिस यांनीही १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. १६८४ साली तर व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी. म्हणजे ज्या भूमीत एका परक्या धर्मगुरूने आपल्या भाषेत प्रभूचे चरित्र गायिले, त्याच भूमीत सत्तेने लोकांची जीभ बांधण्याचा यत्न केला. संतांवर प्रेम करणे म्हणजे त्यांच्या काळाचे दोष नाकारणे नव्हे. दुखावलेल्या शेजाऱ्यापुढे हे दोष आपणच कबूल केले, तर आपली श्रद्धा उणी होत नाही. ती अधिक विश्वसनीय होते.

आणि अखेर टिकले काय? फर्मान कागदावर राहिले. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पण भाविकांनी हाताने नकलून घेतलेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ वाचला. १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि आज आपण मराठीतून मिस्सा अर्पण करतो. त्या वाटेवरचे पहिले पाऊल स्टीफन्स यांचे होते.

परतीच्या प्रवासात मी 'ख्रिस्तपुराण' किती जणांनी पाहिले आहे, असे विचारले. एकही हात वर आला नाही. ही उणीव त्या भाविकांची नव्हे, आम्हां धर्मगुरूंची आहे. पुढील सोहळ्याला दहा वर्षांचा अवकाश आहे. तोवर निदान आगमनकाळात प्रत्येक घरी या पुराणातल्या दहा ओव्या वाचल्या जाव्यात. संतांच्या देहापुढे रांग लावणारे आपण, आपल्या भाषेत बोललेल्या सुवार्तेपुढेही घटकाभर बसू या.