घरबागेतील गुलाब : ‘गावठी’ आणि ‘विलायती’ या संज्ञांचा विचार

महाराष्ट्रातील घरबागांत गुलाबाचे दोन वर्ग मानण्याचा प्रघात आहे. फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांचा, सुवासिक आणि गुलकंदास उपयोगी पडणारा तो ‘गावठी’. मोठ्या, टोकदार कळीचा, नानाविध रंगांचा, बहुधा कलम म्हणून विकत आणलेला तो ‘विलायती’. बागकामाच्या सोयीसाठी हा भेद उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो उत्पत्तीचा निर्देश म्हणून स्वीकारला, तर त्याची दिशाभूल होते. ‘गावठी’ ठरलेले झाड समुद्रापलीकडून आलेले आहे. आणि ‘विलायती’ ठरलेल्या झाडाची पूर्वपीठिका शोधू लागले, तर कलकत्त्याच्या बंदरावरून चीनपर्यंत जावे लागते.

प्रथम ‘गुलाब’ या शब्दाचाच विचार करणे इष्ट होईल. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ हे मूळचे फुलाचे नाव नसून फुलापासून काढलेल्या सुगंधी जलाचे नाव होय. या देशात तो शब्द फुलाकडे वळला आणि जलासाठी ‘गुलाबपाणी’ असा, व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाणी दोनदा घातलेला, शब्द तयार झाला. जुना अर्थ मात्र सर्वस्वी लोपला नाही. गुलाबदाणीत फूल ठेवीत नाहीत. समारंभाच्या अखेरीस होणाऱ्या ‘अत्तरगुलाबा’तही फूल अभिप्रेत नसते. हे नाव मराठीत रूढ झाले ते बागेतून नव्हे, तर कुपीतून, असे अनुमान यावरून निघते. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात इ. स. १६१४ च्या सुमाराची एक नोंद आहे. नूरजहानच्या आईने गरम गुलाबपाण्यावर येणारी साय थोडीथोडी गोळा करून अत्तर मिळविले आणि सलीमा सुलतान बेगमने त्यास ‘इत्र-इ-जहांगिरी’ असे नाव दिले, असे तीत म्हटले आहे. अत्तर तेथेच प्रथम निघाले की नाही हा वाद वेगळा. गुलाबाचे मोल त्याच्या अर्कात मानले जात होते, एवढे त्या नोंदीवरून निश्चित दिसते. संस्कृत निघंटूंतील ‘शतपत्री’, ‘तरुणी’ ही नावे गुलाबास लावली जातात. तथापि ‘शतपत्र’ हे कमळाचेही नाव असल्यामुळे, केवळ शब्दाच्या आधारावर प्राचीन उद्यानात गुलाब रोवणे धोक्याचे आहे.

‘गावठी’ म्हणविणाऱ्या गुलाबांत पश्चिम आशियातून आलेला दमास्क गुलाब येतो, तसाच ‘एडवर्ड’ही येतो. या एडवर्डची कथा विशेष उद्‌बोधक आहे. हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटावर (आजचे रेयुनियाँ) शेतांच्या कुंपणास चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारीशेजारी लावीत. त्यांच्या नैसर्गिक संकरातून एक नवा गुलाब निपजला आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचे बी फ्रान्सला गेले. त्याचे ‘रोझ एदुआर’ हे फ्रेंच नाव हिंदुस्थानात ‘एडवर्ड’ झाले. इंग्लंडच्या गादीवर १९०१ साली आलेल्या सातव्या एडवर्डशी त्याचा संबंध जोडणे हा निव्वळ कालविपर्यास होय. फ्रेंच बेटावरचा हा संकर दख्खनच्या परसात असा रुळला की तो ‘गावठी’ ठरला.

आता ‘विलायती’ गुलाबाकडे वळता येईल. त्याचा मुख्य गुण म्हणजे पुनःपुन्हा फुलणे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलत. शरद ऋतूत पुन्हा थोडासा फुलणारा दमास्कचा एक प्रकार तेवढा अपवाद होता. १७९० नंतर चिनी उद्यानांतील गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तेथे पोहोचू लागले. १७९२ च्या सुमारास गिल्बर्ट स्लेटर याच्याकडे आलेला किरमिजी गुलाब कलकत्त्याहून गेला, अशी परंपरा आहे. कलकत्त्याचे वनस्पती-उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले होते आणि चीन व युरोप यांमधील तो एक स्वाभाविक टप्पा होता. परिणामी चिनी गुलाबास फ्रेंच लोक ‘बंगाल’ म्हणू लागले, इंग्रजीत तो ‘बंगाल रोझ’ झाला आणि वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत दीर्घकाळ ‘रोझा इंडिका’ म्हणून वावरला. चिनी माळ्यांनी शतकानुशतके निवडून जोपासलेल्या झाडास वाटेवरच्या बंदराचे नाव मिळाले, आणि त्याचीच संतती परत आली तेव्हा तिला विलायतेचे नाव मिळाले. दोन्ही वेळा नाव ठरले ते शेवटच्या गलबतावरून!

हे ऋण केवळ कागदोपत्री नाही. अखंड फुलण्याचा हा गुण एका विशिष्ट जनुकातील बदलामुळे येतो, हे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. चिनी गुलाबांतून आलेला तो बदल आजच्या घरबागेतील गुलाबांत सर्रास आढळतो. १८६७ चा ‘ला फ्रान्स’ हा ‘हायब्रिड टी’ वर्गातील पहिला गुलाब समजला जातो. या वर्गास गडद पिवळा रंग पुढे १९०० मध्ये पेर्ने-दुशे याने आणला, तोही पश्चिम आशियातील पिवळ्या गुलाबापासून.

जोपासनेच्या पद्धतीतही हाच इतिहास गोठलेला आहे. शीत देशांत हिवाळा या झाडास सक्तीची विश्रांती देतो. दख्खनमध्ये तसा हिवाळा नाही. शिवाय पावसाळ्यात काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि झाड नुसते पालेदार वाढते. यावर येथील उपाय असा : पाऊस सरल्यावर पाणी तोडावयाचे, बुंध्याभोवतीची माती काढून मुळे काही दिवस उघडी ठेवावयाची, पाने गळू लागली की छाटणी करावयाची, आणि मग कुजलेले शेणखत घालून आळे पुन्हा भरावयाचे. ऑक्टोबरात छाटलेले झाड साधारण दीड-दोन महिन्यांत फुलावर येते. ही केवळ गुलाबाची रीत नव्हे. संत्र्यास व डाळिंबास ताण देऊन बहार धरण्याची जी पद्धत फळबागाईतास परिचित आहे, तिचाच हा आविष्कार होय. तीत ‘हस्त बहार’ हे नाव आहे. त्यातील पहिले पद नक्षत्राचे, तर दुसरे वसंत ऋतूस असलेले फारसी नाव. नैसर्गिक हिवाळ्याच्या अभावी तहानेचा हिवाळा निर्माण करण्याची ही युक्ती युरोपीय उद्यानग्रंथांतून येथे आली असे मानण्याचे कारण नाही. बागाईताचे हे ज्ञान हातातून हातात जात असल्यामुळे दप्तरांत त्याचा माग क्वचितच लागतो, आणि म्हणून त्याची परिभाषा हेच त्याचे साधन मानावे लागते. १९६६ मध्ये बी. पी. पाल यांचा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही भाषा बागेत वावरत होती.

कलमाची रचना तर आणखी बोलकी आहे. विलायती गुलाबाचा डोळा भरण्यासाठी भारतात जे खुंट वापरले गेले, त्यांत एडवर्ड हा प्रमुख होय. म्हणजे एकाच आळ्यात वरचा भाग ‘विलायती’ आणि मुळे ‘गावठी’. डोळ्याच्या खालून येणारी फूट वेळीच मुळाशी काढली नाही, तर खुंट जोर धरतो, वरचे कलम क्षीण होऊन मरते, आणि दोन-तीन हंगामांनी लाल फुलाच्या जागी गुलाबी, सुवासिक फुले येऊ लागतात. मालकास वाटते, झाडाने जात बदलली. वस्तुतः प्रारंभापासून तेथे दोन झाडे होती.