हाका आणि वायरलेस

पुणे-सोलापूर महामार्गावरचे कासुर्डी पूर्वी टोलनाक्यामुळे ओळखले जाई. तिथून भुलेश्वराची डोंगररांग ओलांडून सुप्याकडे निघाले की माळ सुरू होतात. कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि त्यांत चिंकारा, लांडगा, तरस. चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये राखलेले मयूरेश्वर अभयारण्य इथलेच, अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे. अशा उघड्या रानात फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाकडे सरकत. हरणाने मान उचलली की बैल जागीच थांबे. मान खाली गेली की पुन्हा चार पावले. पारध्याला जे कळे ते स्वतःच्या डोळ्याकानांनी, आणि वारा फिरून वास गेला की सारी मेहनत वाया. कोल्हापूर दरबारचे पाळीव चित्तेसुद्धा काळविटामागे थोडेच अंतर धावत. तेवढ्यात साधले नाही तर काळवीट सुटे.

शिकारीत बातमी हेही हत्यारच आहे, आणि वायरलेसने त्याला अशी धार आणली की सावजापाशी त्यावर उतारा उरला नाही. टेकडीवरचा माणूस दुर्बिणीतून कळप हेरतो आणि कोसभर लांब दबा धरलेल्या बंदूकवाल्याला हळूच सांगतो, "ओढ्याच्या कडेने येतायत, बांधाआड बस." हरणाच्या कानाला यातले काही पोचत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकार चाले, तेव्हा कलम १७ ने गाडीतून, रात्री, कृत्रिम उजेडात किंवा पाणवठ्यावर जनावर मारायला काही अपवाद सोडून मनाई केली होती. त्या यादीत वायरलेस नव्हता. पण या मनाईंमागचा विचार उघड आहे: जनावराला निसटायला वाट हवी. त्याच विचाराने १८८७ मध्ये स्थापन झालेला अमेरिकेतला बून अँड क्रॉकेट क्लब असल्या उपकरणांच्या मदतीने केलेली शिकार न्याय्य मानत नाही, आणि माँटाना राज्याने शिकारीत दुतर्फा रेडिओ वापरायला कायद्यानेच बंदी केली आहे. आपल्या कलम १७ मध्ये फासे आणि जाळीही होती, हे मात्र मला खटकते. गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ पर्यंत वागवलेल्या पारध्यांचे ते पोटाचे साधन होते.

कोणी म्हणेल, हाका म्हणजे तरी काय? शेपन्नास माणसे ढोल, डबे बडवत रान उठवायची, आरोळ्यांनी एकमेकांना खुणावायची, आणि मचाणावर साहेब किंवा संस्थानिक बसलेला. तीही संगनमताने केलेली शिकारच. खरे आहे, आणि त्या हाक्याची भलामण मी करणार नाही. पण हाक्याची प्रत्येक आरोळी सावजालाही ऐकू येई. कित्येकदा ते हाकाऱ्यांची फळी फोडून मागे निसटे. वायरलेसवरचा निरोप फक्त एका बाजूला मिळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: रेडिओमुळे माणसे वाचतात. गोळीच्या वाटेत कोणी आहे का, कोणी जखमी झाले का, हे क्षणात कळते. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या शिरला की वनरक्षकांना एकमेकांशी बोलता आलेच पाहिजे. तिथे जीव वाचवायचा असतो, माणसाचा आणि बिबट्याचाही. म्हणून यंत्राला दोष नाही. त्यावरून काय बोलले जाते त्यावर न्याय करायचा. "थांब, पुढे माणूस आहे" हा निरोप योग्य. "डावीकडून येतोय, तयार राहा" हा अयोग्य.

शिकारच बंद आहे, मग हा वाद कशाला, असेही विचारतील. १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार संपली आणि तिच्याबरोबर कलम १७ ची ती यादीही गेली. मात्र पिकांची नासाडी करणारी रानडुकरे मारायला परवानगी आजही मिळते, आणि आता मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे; त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. तरी वनखात्याने त्या परवानगीपत्रात एवढे स्पष्ट लिहावे: वायरलेस आणि मोबाइल माणसांच्या सुरक्षिततेपुरतेच वापरावेत, जनावराचा ठावठिकाणा कळवायला नाही.