जखमेचा मुशाहिरा

अफझलखानाचा प्रसंग आमच्याकडच्या चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ असतो. वाघनखे, चिलखत, सय्यद बंडा, जिवा महाला. एक नाव चुकायचे नाही. परंतु त्या दिवशी जावळीच्या रानात ज्यांचे हात तुटले, डोळे गेले, त्यांचे पुढे काय झाले हे पोरे विचारीत नाहीत आणि आम्ही मास्तर मंडळीही सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने मात्र ते लिहून ठेवले आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस रचलेल्या आपल्या बखरीत तो सांगतो की, पडलेल्यांची मुले महाराजांनी पदरी घेतली, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्मे वेतन चालू केले, आणि जायबंदी झालेल्यांना जखमेच्या मानाप्रमाणे दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले.

विजयाच्या धामधुमीत जखमा तोलून त्यांचा हिशेब चुकता करणारा राजा कोणत्याही काळात विरळाच. तरी त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेलेल्याच्या घरी वेतन चालू राहिले. जगलेल्या जखमीच्या ओंजळीत मात्र रक्कम एकदाच पडली. माझ्या मते यात कृपणपणा नव्हता. मावळा म्हणजे पावसाळ्यात नांगर आणि दसऱ्यानंतर तलवार धरणारा माणूस. त्याचा पाय अधू झाला तरी शेत होते, भाऊबंद होते, आणि एकत्र कुटुंबाच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले होते. पुढे पेशवाईतही लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ चालत असे. तो शब्दच किती मायेचा आहे! पण माया आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी. माया धन्याच्या पोटातून येते, आणि धनी गेला की तीही जाते. आमच्या नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि कंपनीच्या पलटणी झुंजल्या. कंपनीच्या जखमी शिपायामागे कंपनीचे खाते उभे होते. भोसल्यांच्या जखमी शिपायाचा धनी वर्षभरात गादीवरून उतरला, आणि १८५४ मध्ये तर राज्यच खालसा झाले.

शिपायाला दरमहा आणि नियमाने पेन्शन देण्याची रीत आपल्याकडे पक्की केली ती कंपनी सरकारने. तिला दयेचा पाझर फुटला होता असे कोणी समजू नये. गावच्या पारावर बसून दरमहा रुपये मोजून घेणारा लंगडा हवालदार हा भरतीचा सर्वांत स्वस्त दलाल होता, एवढे साहेबाला कळत होते. कोकणात दापोलीचा कॅम्प अशा निवृत्त शिपायांनी गजबजलेला असे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून जखमींची जहाजे मुंबईच्या बंदराला लागू लागली, तेव्हा १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग शिपायांना कसब शिकवणारी शाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीस गेली आणि आजही तेथे आहे.

स्वराज्य आल्यावर नियम आपले झाले, पण त्यांचा सूर फारसा पालटला नाही. १९६१ च्या सैनिकी पेन्शन नियमावलीचे मर्म दोन प्रश्नांत आहे. अपंगत्व २० टक्के तरी भरते काय? आणि ते नोकरीमुळे आले किंवा नोकरीने वाढले काय? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांचे मंडळ देते. दुसरा प्रश्न दिसायला साधा, पण त्यातच शेकडो माणसे अडकली. छातीत गोळी घुसली असेल तर वाद नाही. परंतु बर्फात राहून कामातून गेलेले शरीर, रात्रीच्या पहाऱ्यांनी बिघडलेले डोके, यांवर ‘नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा मारायला किती वेळ लागतो? भरती करताना डोळे, दात, छाती, तळपाय, सारे तपासून ज्याला सरकारने निर्दोष ठरवले, त्याचाच रोग घरी पाठवताना जन्मजात ठरतो! १९८५ मध्ये भरती झालेल्या आणि १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने बिनापेन्शन बाहेर काढलेल्या धरमवीर सिंग नावाच्या शिपायाच्या दाव्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे उलटेपण सरळ केले. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो नोकरीतच जडला असे धरायचे; तसे नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचे. निकाल चोख आहे. पण शिपायाला तो मिळेपर्यंत एकोणीस वर्षे गेली होती.

टक्क्यांचे गणित तर याहून विचित्र. साध्या अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांना अखेरच्या पगाराच्या ३० टक्के धरतात. युद्धातील जखमेमुळे नोकरीतून काढलेल्याला तोच भाग पूर्ण पगाराइतका मिळतो. आणि जो युद्धात जखमी होऊनही लंगडत पलटणीत राहिला, मुदत पुरी करून मगच बाहेर पडला, त्याला? ६० टक्के. २००१ साली सरकारने आणखी एक सवलत दिली: २० ते ४९ टक्के अपंगत्व ५० धरावे, त्यावरचे ७५, आणि त्याहून वरचे १००. हीही सवलत काढून टाकलेल्यांपुरतीच ठेवली. मुदत भरलेल्यांना ती मिळावी म्हणून राम अवतार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यांचा निकाल डिसेंबर २०१४ पर्यंत लागायचा होता. जखम तीच, पाय तोच. मग राहिलेल्याला कमी कशासाठी, याचे पटण्यासारखे उत्तर मला कोणत्याही परिपत्रकात आढळले नाही.

वास्तविक मूळ तत्त्वाचा निवाडा फार आधी झाला होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सांगितले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. ते केलेल्या सेवेचे मोल आहे. नकारा हे मुलकी अधिकारी होते, शिपाई नव्हते. तरी शिपायांनी तो निकाल छातीशी धरला, आणि ‘एक पद, एक पेन्शन’ हे २०१५ पर्यंत चाललेले भांडण त्याच्याच बळावर लढवले.

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट आता चित्रपटामुळे घरोघर पोचली आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी त्यांचा कमरेखालचा भाग निकामी केला. १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहून त्यांनी सुवर्णपदक आणले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी! सुवर्णपदकवाल्याची ही कथा. मग ज्याने पदक आणले नाही, नुसता पाय गमावला, त्याचा अर्ज प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात कोणत्या फडताळात असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि आता अग्निवीर. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांची नोकरी आहे, पेन्शन नाही. नोकरीपायी अपंग झाल्यास उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी मिळतो, आणि त्याशिवाय जखम पाहून एकरकमी ठोक अनुग्रह: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. सभासदाच्या चार पायऱ्यांच्या तीन झाल्या, होनांचे लाख झाले. पण जावळीच्या जखमीमागे शेत आणि भाऊबंद होते. आमच्या उमरेडला भिवापूरच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांपैकी कित्येकांचे बाप दुसऱ्याच्या रानात नाही तर खाणीवर कंत्राटी कामाला आहेत.

एकवीस वर्षांच्या पोराचे दोन्ही पाय गेले आणि तो आणखी पन्नास वर्षे जगला, तर महिने होतात सहाशे. चव्वेचाळीस लाखांना सहाशेने भागा: महिन्याला सात हजार तीनशे तेहतीस रुपये. व्याज धरले तर वाढतील, महागाई धरली तर घटतील. त्याच खंदकात, त्याच स्फोटात, शेजारी उभ्या असलेल्या कायम नोकरीच्या शिपायाचे पाय गेले तर त्याला पूर्ण पगाराइतका युद्धजखमेचा भाग जन्मभर मिळेल, आणि महागाईप्रमाणे वाढत जाईल. अपंग अग्निवीराला हीच दरमहा पेन्शन द्यावी, आणि जखमेचा नोकरीशी संबंध नाही असे सरकारला म्हणायचे असेल तर ते सरकारनेच सिद्ध करावे, शिपायाला मुंबईच्या सैनिकी न्यायाधिकरणापर्यंत खेटे घालायला लावू नयेत. त्यासाठी नवे तत्त्व शोधायला नको. १९८२ आणि २०१३ चे निकाल छापलेले आहेत.