हैदराबादच्या वाटेवरचे सुटे भाग

आपल्या वेळी देगलूरला रेडिओ दुरुस्तीपुरते सामान मिळे. त्यापुढचे काही हवे असले की हैदराबादची बस धरायची. कोठीजवळच्या गुजराती गल्लीत रेझिस्टर, आयसी सगळे मिळे. निजामी राजवट १९४८ साली संपली, बाजाराची वाट मात्र तीच राहिली!

इंटेलचा ८०५१ मायक्रोकंट्रोलर १९८० सालचा. पॉलिटेक्निकला गेलेल्या आपल्या मित्रांनी तो हाताळला, पण त्यात प्रोग्राम भरायला वेगळे यंत्र लागे आणि ते कॉलेजातच असे. घरी रात्री जागून शिकायची सोय नव्हती. २००५ साली इटलीतल्या इव्हरिया गावी अर्डुइनो तयार झाला आणि ही अडचण गेली. त्याच्या चिपमध्ये आधीच भरलेला छोटा प्रोग्राम यूएसबीच्या वायरीतून नवा प्रोग्राम उतरवून घेतो. आराखडा खुला, म्हणून स्वस्त नकलाही निघाल्या. माझ्या मते खरी क्रांती हीच. चिप तशी साधी, ऊनोमध्ये प्रोग्रामला जागा जेमतेम ३२ केबी.

हाताने करत शिकण्याचा विचार महाराष्ट्रात जुनाच. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. न निवडलेल्यांचे काय?

रात्रीच्या लाईटीवर मोटार चालू करायला बाप शेतात जातो. जमिनीतली ओल मोजणारे सर्किट त्याच्या पोराला जुळवता आले, तर एखादी खेप तरी वाचेल. मेळाव्याच्या निधीतून उरेल त्यात दहा बोर्ड, दोन सोल्डर आयर्न आणि एक मल्टिमीटर शाळेला द्यावा, असे मी सुचवतो. अट एकच: कपाटाची किल्ली मुलांकडे राहील.