शेवटच्या शून्याची कुळकथा

अमेरिकेतून आलेल्या ड्रॉइंगवर एखाद्या भोकाचा व्यास .500 इंच लिहिलेला असतो. भोसरीतल्या वर्कशॉपमधल्या नवख्या पोराला वाटतं, अर्धा इंच तर अर्धा इंच, शेवटची दोन शून्यं शोभेची. जुना टूलरूमवाला आधी ड्रॉइंगच्या खालचा तक्ता बघतो. तिथे छापलेलं असतं: दशांशानंतर दोन अंक असतील तर ±.01, तीन असतील तर ±.005. म्हणजे .50 आणि .500 शाळेच्या मास्तरांना एकच, पण कारखान्यात दुसऱ्याला सूट निम्मीच. एका शून्याने ड्रिलचं काम रीमरवर जाऊ शकतं आणि जॉबचा भाव बदलतो.

दशांश पद्धत युरोपात रुजवण्याचं श्रेय सायमन स्टेव्हिनला देतात. ब्रुजच्या या गणित्याने 1585 साली ‘दे थिंदं’ नावाची छोटी पुस्तिका काढली, ती पंडितांसाठी नव्हे, तर जमीन, कापड, दारू मोजणाऱ्यांसाठी. पण लोखंड घासणाऱ्यांनी तिच्याकडे बराच काळ ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं सगळं अर्ध्याच्या अर्ध्यावर चालायचं: पाव, अष्टमांश, सोळांश. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले आजही इंचाचे आठ सूत करून ‘दोन सूत कमी घे’ म्हणतात, आणि गेटची चौकट बसवायला तेवढं पुरतंही.

तेव्हा ‘किती चूक चालेल’ हे कागदावर लिहायची पद्धतच नव्हती. ते फिटरच्या कानशीत असे. हा भाग त्या भागात बसेपर्यंत घासायचा, बसला की झालं. त्यामुळे एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीला लागत नसे. फ्रान्सचा बंदूक-कारागीर ओनोरे ब्लाँ याने ही पद्धत मोडली. 1785 मध्ये पॅरिसमधला अमेरिकेचा राजदूत टॉमस जेफरसन त्याच्याकडे गेला, तेव्हा पन्नास चापांचे भाग सुटे करून ठेवलेले होते. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून काही चाप स्वतः जोडले, आणि ते बसले! त्याने अमेरिकेला पत्र लिहून हा प्रकार कळवला. पुढे अमेरिकन शस्त्रागारांनी, विशेषतः हार्पर्स फेरीच्या जॉन हॉलने, हीच वाट चिकाटीने पुढे नेली. या कामाची भिस्त ड्रॉइंगवर नव्हती, भागाचं माप ताडून बघायच्या गेजवर होती.

मला या कथेत सर्वांत मोठी उडी वाटते ती गेजला दोन तोंडं आली ती. एक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. गो आणि नो-गो. नेमक्या मापाचा हट्ट सुटला आणि त्याच्या जागी दोन हद्दी आल्या. टॉलरन्स म्हणतात तो हाच.

हद्दी आकड्यांत बोलायच्या तर अपूर्णांक अपुरे पडतात. ‘सोळांशाहून किंचित कमी’ या भाषेचा इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याला वैताग होता. 1851च्या लंडन प्रदर्शनात त्याने इंचाचा दशलक्षांश दाखवणारं यंत्र मांडलं, आणि 1857 मध्ये अभियंत्यांच्या सभेत दशांश इंचाची बाजू लावून धरली. इंचाचा हजारावा भाग, ‘थाऊ’, कारागिरांच्या तोंडी बसला. मग ड्रॉइंग ऑफिस शॉपपासून दूर गेलं, शेजारी जाऊन ‘चालेल का?’ विचारायची सोय उरली नाही, आणि सूट कागदावर उतरणं भागच पडलं.

ती कशी लिहायची यात दोन घराणी झाली. इंचवाल्या अमेरिकेत अंकांची संख्या हीच खूण ठरली. मिलिमीटरवाल्यांनी ते नाकारलं. आयएसओ 2768 प्रमाणे (आपलं आयएस 2102 तेच) मध्यम वर्गात 40 मिमीला ±0.3, तुम्ही 40 लिहा नाहीतर 40.00. सूट माप किती मोठं यावरून ठरते, शून्यांवरून नाही. मला हेच जास्त प्रामाणिक वाटतं, पण तक्ता ड्रॉइंगबाहेर शोधावा लागतो, ही त्याची खोट.

हाताने ड्रॉइंग काढताना प्रत्येक शून्य शाईने काढावं लागे, म्हणून निदान क्षणभर विचार होई. 1982 मध्ये ऑटोकॅड आलं. आता शून्यं किती छापायची हे सेटिंग ठरवतं. इंचाच्या टेम्प्लेटमध्ये मुळातच चार अंक असतात. सेटिंग न बदलता अर्धा इंच टाका, 0.5000 उमटेल. काही तक्त्यांत चार अंकांना ±.0005 असतं, म्हणजे कोणी न मागता सूट दहापट घटली. मिलिमीटरच्या टेम्प्लेटमध्ये उलटं: ‘डिमझिन’ नावाचं सेटिंग शेवटची शून्यं गिळतं आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो.

टॉलरन्सच्या अंकांचं सेटिंग वेगळं, ‘डिमटीडेक’. खरा घात तिथे होतो. 25 मिमीच्या शाफ्टला जी6 फिट हवं, म्हणजे -0.007 ते -0.020. दोन अंक ठेवले तर छापलं जातं -0.01 ते -0.02, तेरा मायक्रॉनची जागा दहावर आली. एकच अंक ठेवला तर दोन्हीकडे 0.0. मॉडेल आतून पंधरा अंकांपर्यंत अचूक असतं, पण लेथवाल्याच्या हातात जातो छापलेला कागद.

इंच आणि मिमी दोन्ही छापायची वेळ आली की ही दोन घराणी एकाच ओळीत भेटतात. .500 ±.005 चं मिमीत होतं 12.7 ±0.127, आणि दोन अंकांवर सेट केलेलं सॉफ्टवेअर छापतं ±0.13. तीन मायक्रॉन फुकट वाढले. मग 12.829 मिमीचा बोअर मिमीच्या आकड्याने पास होतो आणि इंचाच्या आकड्याने रिजेक्ट. म्हणून शहाणे ड्राफ्ट्समन अशा ठिकाणी मिमीची हद्द नेहमी आतल्या बाजूला, 0.12 वर, हाताने ओढून घेतात.