ड्रायव्हर हेन्री डॅल्झील: शौर्यकथेतून निसटलेला शब्द

ऑगस्ट १९१८ मध्ये लंडन गॅझेटात व्हिक्टोरिया क्रॉसची जी घोषणा झाली, तीत हेन्री डॅल्झील या ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या नावामागे ‘ड्रायव्हर’ हा हुद्दा छापलेला आहे. हा पुरस्कार एक हजारावा व्हिक्टोरिया क्रॉस म्हणून ओळखला जातो. डॅल्झीलची कथा पुढे अनेकांनी सांगितली. सांगणाऱ्यांच्या तोंडी मात्र त्याचे रिव्हॉल्व्हर राहिले आणि हुद्दा मागे पडला. आमच्या मते ही कथा नीट वाचायची तर त्या हुद्द्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

ड्रायव्हर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे मोटार येते. पहिल्या महायुद्धातील पायदळाचा ड्रायव्हर घोडे आणि खेचरे जुंपलेल्या गाड्या हाकीत असे. शिधा, पाणी, काडतुसे रात्रीच्या अंधारात आघाडीपर्यंत पोहोचवायची आणि उजाडण्यापूर्वी परतायचे, हे त्याचे काम. त्याचा रस्ता शत्रूच्या तोफांना ठाऊक असे, आणि जनावरे जुंपलेली असताना त्याला खंदकात दडी मारण्याचीही सोय नसे.

डॅल्झीलचा जन्म १८ फेब्रुवारी १८९३ रोजी उत्तर क्वीन्सलंडमधील अर्विनबँक या खाणींच्या गावी झाला. वडील खाणकामगार, तो स्वतः केर्न्स-अॅथर्टन रेल्वेवर फायरमन. जानेवारी १९१५ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि जुलैत गॅलिपोलीला १५ व्या बटालियनमध्ये दाखल झाला. १९१६ पासून तो फ्रान्स व बेल्जियमच्या आघाडीवर होता. ऑक्टोबर १९१७ मध्ये पॉलिगॉन वुड येथे तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी होऊन तो इंग्लंडला गेला, आणि जून १९१८ मध्ये ड्रायव्हर म्हणूनच परतला.

त्यानंतर महिन्याभराच्या आतच, ४ जुलै १९१८ रोजी, हॅमेलची लढाई झाली. सेनापती जॉन मोनॅश हा पेशाने अभियंता. त्याने नव्वद मिनिटांची आखणी केली होती. लढाई त्र्याण्णव मिनिटांत संपली. या यशात वाहतुकीचा वाटा मोठा होता. चार मालवाहू रणगाड्यांनी हजाराहून अधिक माणसांचे ओझे पुढे नेले, आणि विमानांतून हवाई छत्र्यांना बांधून काडतुसांच्या पेट्या टाकण्यात आल्या. तरी पेटी पडली तेथून मशीनगनपर्यंतचे अंतर माणसालाच तोडावे लागे.

त्या पहाटे डॅल्झील एका लुइस मशीनगनच्या जोडीला दुसरा गडी होता. ‘पेअर ट्रेंच’ नावाच्या खंदकापुढची काटेरी तार तोफांच्या माऱ्यातून शाबूत राहिली होती आणि त्याची कंपनी तेथे अडली. एक मशीनगन गप्प केली तोच दुसरीकडून मारा सुरू झाला. डॅल्झील रिव्हॉल्व्हर घेऊन तीवर धावला आणि ती ताब्यात घेतली. या झटापटीत त्याच्या चापाच्या बोटाचे टोक उडाले. मागे जाण्याचा हुकूम झाला. तो गेला नाही.

लोकप्रिय कथा येथे संपते. गॅझेटातील मानपत्र मात्र येथे संपत नाही. उघड्या मैदानातून, माऱ्याखाली, तो दोनदा काडतुसे आणावयास गेला. रक्त वाहत असताना मॅगझिने भरीत राहिला. अखेर डोक्यात गोळी लागून कोसळला. लुइसच्या चकतीसारख्या मॅगझिनमध्ये सत्तेचाळीस काडतुसे बसत. तुटक्या बोटाने ती एकेक बसविणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकाने करावी.

आपल्या काव्यशास्त्राने वीराचे चार प्रकार मानले: दानवीर, धर्मवीर, दयावीर आणि युद्धवीर. भार वाहणाऱ्याला तेथे वेगळे आसन नाही. रिव्हॉल्व्हर घेऊन धावणारा डॅल्झील युद्धवीरात सहज बसतो. काडतुसे आणणारा डॅल्झील कोठे बसवावा, हा प्रश्न उरतो. धावण्याला एक क्षण पुरतो आणि आवेशाची साथ असते. दुसऱ्यांदा त्याच मैदानात उतरणाऱ्याला पहिल्या खेपेने सारे दाखवून दिलेले असते. हे धैर्य सवयीतून, रात्रीमागून रात्री त्याच रस्त्याने जाण्यातून येते, असे आम्हांस वाटते. त्या सवयीचे नाव गॅझेटाने हुद्दा म्हणून नोंदवून ठेवले आहे.

गोळीने कवटी फुटून मेंदू उघडा पडला होता. तरी तो वाचला. जानेवारी १९१९ मध्ये मायदेशी परतला, १९२० मध्ये एका परिचारिकेशी विवाह केला आणि अॅथर्टन पठारावर सैनिकांसाठीच्या जमिनीवर शेती घेतली. पुढे ती बहुतांशी पत्नीनेच सांभाळली. उत्तरायुष्यात ब्रिस्बेनला तो पेन्शनवर राहिला आणि गाणी लिहू लागला. २४ जुलै १९६५ रोजी त्याचे निधन झाले.

पत्नीने पेललेल्या त्या शेतीला कोणतेही मानपत्र लाभले नाही. युद्धकथा शिकविताना चढाईचे वर्णन आपण मोठ्याने वाचून दाखवितो. त्याच मानपत्रातील काडतुसांचे वाक्यही तितक्याच सावकाश वाचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.