उघडी थैली, बांधलेली थैली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या सराफ बाजारातून एक चक्कर मारावी. झेंडूच्या माळा, पणत्या, गादीवर मांडलेल्या नव्या चोपड्या, पहिल्या पानावर कुंकवाने रेखलेले ‘श्री’. व्यापारी माणूस कितीही बेरकी असो, जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याखेरीज त्याला झोप लागत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेले पैसे धर्मादाय खाती पडतात, गणपतीची वर्गणी किरकोळ खाती. पण निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला किंवा त्याच्या पक्षाला दिलेली रक्कम कोणत्या खाती मांडायची? तो धर्म म्हणावा, खर्च म्हणावा, की भांडवल? ह्या एका नोंदीपायी आपल्या देशात कायदे झाले, मोडले आणि पुन्हा झाले. न्यायालये बसली, एका मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली, आणि अखेरीस ह्या गोष्टीचा एक धागा आमच्या नाशिकरोडला येऊन पोचला.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, दिवसा मुलांना सनावळ्या शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. पण कादंबरीकाराला एक खोड असते. पात्र कितीही मोठे असो, त्याचे घर कशावर चालते हे कळल्याशिवाय ते त्याला खरे वाटत नाही. तीच खोड पक्षांच्या बाबतीत लागली, एवढेच.

आपल्याकडे पूर्वी ‘थैली’ हा शब्द मोठ्या मानाचा होता. १९१६ साली लोकमान्यांची साठी झाली, तेव्हा पुण्यात गायकवाड वाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली. टिळकांनी ती स्वतःकडे न ठेवता राष्ट्रकार्याला देऊन टाकली. दिली चारचौघांत, घेतली चारचौघांत, आणि खर्च कशावर व्हायची तेही सर्वांना ठाऊक. पुढे टिळक गेले आणि १९२१ साली त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला. तीस जूनच्या आत एक कोटी जमवायचे, असा गांधीजींचा संकल्प. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले हे तर आपण वाचलेलेच असते; पण त्या कोटीतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एकट्या मुंबईने भरला, हेही विसरू नये. कुलपे-तिजोऱ्या करणाऱ्या अर्देशीर गोदरेजांनी तीन लाख दिले. धनिकांचा पैसा राजकारणात नव्हता असे सोवळे चित्र मुलांपुढे काढण्यात अर्थ नाही. तो होताच. फरक इतकाच की त्या वेळी देणाऱ्याला सरकारकडून परवाना, ठेका, कोटा असे काही मिळण्याजोगे नव्हते. मिळाला तर सरकारचा रोषच मिळायचा.

स्वातंत्र्यानंतर हे पारडे फिरले. ज्यांना देणगी द्यायची तेच आता राज्य करीत होते. १९५० च्या सप्टेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नाशिकलाच भरले, पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष होते; आणि वर्षभरातच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम सुरू झाली. सतरा कोटींवर मतदार! इंग्रजी अमलात मत म्हणजे सारा भरणाऱ्याची, शिकलेल्याची मिरास. चार वाड्यांवर जाऊन आले की प्रचार संपे. आता पाड्यापाड्यावर, वस्तीवस्तीवर जायचे म्हणजे जीप हवी, पेट्रोल हवे, पत्रके हवीत. लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक ठिकाणी पंचवीस हजारांची मर्यादा घातली होती. कागदावर ती पाळली गेली. असो.

१९५७ हे वर्ष मात्र सावकाश पाहण्याजोगे आहे, कारण त्या एका वर्षात ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्याच मुलखात दिसल्या.

एक बाजू न्यायालयात. टाटा लोखंड-पोलाद कंपनीने ठरवले की राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनेत तसे कलम घालून घ्यावे. एका भागधारकाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे आपल्यासारख्या साध्या माणसालाही पटावे असे होते. मी पैसा घातला तो पोलाद करण्यासाठी. माझ्या पैशाने तुम्ही कोणाला निवडून आणणार हे मला विचारता का? प्रकरण मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायाधीश छगला यांच्यापुढे आले. कायद्याच्या अक्षराने पाहता कंपनीला मना करता येत नव्हती, म्हणून निकाल कंपनीच्या बाजूने गेला. पण छगलांनी निकालपत्रात आपली अस्वस्थता लपवली नाही. ही लोकशाही नुकती रांगू लागली आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा तिच्या निवडणुकांत उतरू लागला तर हा धोका वाढत जाऊन एक दिवस तिचाच गळा घोटील, अशा अर्थाचा इशारा देऊन त्यांनी पार्लमेंटने यात लक्ष घालावे असे सुचवले. कलकत्त्याच्या हायकोर्टातही त्याच वर्षी दुसऱ्या एका पोलाद कंपनीच्या अर्जावर अशीच चिंता उमटली. न्यायाधीश हुकूम देतो आणि त्याच हुकुमाची त्याला धास्ती वाटते, असा प्रसंग मी एखाद्या कादंबरीत घातला असता तर प्रकाशकाने तो बनावट म्हणून खोडला असता.

दुसरी बाजू मैदानात. संयुक्त महाराष्ट्र समितीपाशी गिरणीमालक नव्हते, शेअरबाजार नव्हता. होते ते शाहीर अमर शेखांचा आवाज, अण्णाभाऊ साठ्यांची डफावरची थाप, अत्र्यांचा ‘मराठा’ आणि रस्त्यावर उतरलेली माणसे. आमच्या नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले ते दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. १९३० सालच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात. ज्या शहरात देवळाचे दार त्यांना बंद होते त्याच शहराने त्यांना दिल्लीला धाडले. पश्चिम महाराष्ट्रात त्या साली भरल्या तिजोरीचे काही चालले नाही. पण राज्य बनले ते काँग्रेसचेच. द्विभाषिकातल्या इतर भागांनी तिला हात दिला. तेव्हा पैसा हरतो, हे खरे. पण तो नेहमीच हरतो असे मुलांना शिकवणारा मास्तर मी नव्हे.

१९६० साली पार्लमेंटने छगलांचे अर्धेच ऐकले. कंपनीने पक्षाला द्यावे, पण वर्षाला पंचवीस हजार, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढेच. आणि हिशेबात ते दाखवावे. पुढल्याच वर्षी जे. आर. डी. टाटांनी पंडितजींना पत्र लिहून कळवले की आम्ही काँग्रेसला देतोच, पण सबळ विरोधी पक्ष हवा म्हणून स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. मोकळेपणाने दिलेली ही खबर मला तरी आवडते. आज असे पत्र कोणी लिहील का?

नाशिकने १९६३ मध्ये आणखी एक नवल पाहिले. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, त्यांना लोकसभेत जागा हवी होती. नाशिकची पोटनिवडणूक लागली आणि त्यांच्याविरुद्ध कोणीच उभे राहिले नाही. सभा नाही, पत्रक नाही, देणगीदारही नाही. देशावर संकट आले तरच निवडणूक एवढ्या स्वस्तात होते की काय, कोण जाणे.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ साली, दक्षिण मुंबईत स. का. पाटील पडले. काँग्रेससाठी निधी जमवण्याची किल्ली वर्षानुवर्षे ज्यांच्या कनवटीला, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून ज्यांची ख्याती, त्यांना जॉर्ज फर्नांडिस नावाच्या छत्तिशीतल्या कामगार पुढाऱ्याने पाडले. लोक खूश झाले. पण त्या निवडणुकीत उद्योगपतींचा पैसा स्वतंत्र आणि जनसंघ यांच्याकडेही वळल्याचे दिल्लीच्या लक्षात आले, आणि १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर साफ बंदी आली. बंदीने देणगी थांबली नाही, फक्त चोपडीतून उठून पेटीत जाऊन बसली. ज्या नोटेला खाते नाही तिला मालक नाही, आणि जिला मालक नाही तिचा जाब कोणाला विचारणार? माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक हीच. बंदीच्या जोडीला पक्षांना दुसरे काही दिले असते तर गोष्ट वेगळी.

त्याचे फळ आपण महाराष्ट्रात चाखले. १९८० साली अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. सिमेंट तेव्हा नियंत्रणाखाली. कोटा मिळाल्याशिवाय बिल्डरची वीट हलत नसे. मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानांना देणग्या आणि देणाऱ्यांना सिमेंट, असे हे प्रकरण १९८१ च्या ऑगस्टअखेर वर्तमानपत्रात फुटले. १९८२ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा सांधा दाखवणारा निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. खटला पुढे वर्षानुवर्षे चालला, शिक्षेपर्यंत पोचला नाही. ह्या देणग्या निवडणुकीच्या नव्हत्या, प्रतिष्ठानांच्या होत्या, हे खरे. पण देवघेवीची रीत तीच. १९८५ साली बंदी उठली, पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ च्या कायद्याने ती साडेसात टक्के झाली.

आता नाशिकरोड. आमच्या शाळेत प्रेसमधल्या कामगारांची नातवंडे शिकायला असतात, आणि ‘सर, माझे आजोबा प्रेसमध्ये होते’ हे वाक्य ती अशा ऐटीत म्हणतात की जणू आजोबा गडावर किल्लेदार होते. इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली १९२५ साली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे विलायतेहून छापून येत. मग ती गोदावरीच्या काठी छापली जाऊ लागली. शेजारी १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. तिकीट, मुद्रांक, पासपोर्ट: ज्या कागदावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवायचा तो कागद नाशिकचा, हा आमच्या गावाचा शंभर वर्षांचा लौकिक.

निवडणूक रोखेही इथेच छापले गेले. २०१७ च्या अर्थविधेयकाने कंपन्यांच्या देणगीची मर्यादा काढून टाकली. तोट्यातल्या कंपनीनेही हवे तेवढे द्यावे. २ जानेवारी २०१८ रोजी रोख्यांची योजना जाहीर झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी, असे पाच प्रकार. स्टेट बँकेत जाऊन विकत घ्यायचा, पंधरा दिवसांच्या आत पक्षाने वटवायचा. रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नाही, देणाऱ्याचेही नाही. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती, निवडणूक आयोगाने नापसंती कळवली होती. छपाईचा आणि बँकेच्या दलालीचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. आणि गंमत पाहा: रोख्यावर एक क्रमांक होता, पण तो साध्या डोळ्यांना दिसत नसे, अतिनील प्रकाशाखाली धरला तरच उमटे. विक्री झाली तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा एक कोटीच्या रोख्यांचा होता. हजाराचा रोखा घेणारा सामान्य माणूस त्या बाजारात फारसा फिरकलाच नाही.

वर्गात एकदा मी हे पाच आकडे फळ्यावर लिहिले. एक मुलगी म्हणाली, ‘सर, नाव लिहायचे नव्हते तर नंबर कशाला छापला?’ मी खडू खाली ठेवला. सरकारचे उत्तर असे की तो बनावट रोखे ओळखण्यासाठी. ते तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला कोण पोसते हे कळणे हा मतदाराचा हक्क आहे, आणि कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा मनमानी आहे, असा निर्णय दिला. आमच्या प्रेसमध्ये त्या सुमारास एक कोटीच्या रोख्यांची नवी खेप छापली गेली होती; ८,३५० रोखे, एकही विकला जायचा नव्हता. छपाई थांबवण्याचा निरोप निघाला तो २८ फेब्रुवारीला.

बँकेने यादी देण्यास ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या, एकीत घेणारे आणि दुसरीत पक्ष, दोहोंचा मेळ नाही. जमा एका वहीत, नावे दुसऱ्या वहीत! सराफ बाजारातल्या कोणा मुनिमाने असा हिशेब आणला असता तर शेटजींनी त्याला उभा केला नसता. न्यायालयाने पुन्हा दरडावले, आणि २१ मार्चला ते लपवलेले क्रमांक बाहेर आले. कोइमतूरची लॉटरीची एक कंपनी १,३६८ कोटींचे रोखे घेऊन यादीच्या माथ्यावर होती. एप्रिल २०१९ पासूनच्या त्या हिशेबात भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी मिळाले होते. तृणमूल आणि काँग्रेस यांनाही प्रत्येकी हजार कोटींच्या वर. ज्या राज्यात जो राज्य करतो त्याच्याकडे ओघ, हे कोष्टक लावायला मॅट्रिकचे गणित पुरे होते.

२०१९ मध्ये १२ एप्रिलला न्यायालयाने अंतरिम हुकूम दिला होता, तेव्हा ही नावे बंद लिफाफ्यात गेली होती. नाशिकने त्यानंतर सतराव्या दिवशी, २९ एप्रिलला, मत दिले. २०२४ साली नाशिकचे मतदान २० मे रोजी झाले. त्या वेळी यादी उघडी होऊन दोन महिने झाले होते. आमच्या शिक्षकखोलीत तिची एक छापील प्रत होती. मधल्या सुटीत कोणी ना कोणी ती चाळत असे, आणि पाने इतकी होती की टाचणी ठरत नव्हती, म्हणून शिपायाने तिला सुतळीने बांधले होते.